सांगितलं तर गोळ्या सोडेल

"सांगितलं तर गोळ्या सोडेल." हे वाक्य मी वीस वर्षांहून जास्त काळ ऐकत आले आहे. डॉक्टरांकडून ऐकलं, औषधाच्या खिडकीतल्या माणसाकडून ऐकलं, ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आयांकडून ऐकलं, आणि पहिली सात वर्षं मी स्वतःच ते इतरांना ऐकवलं. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या पोटात जी औषधं गेली ती अंगात काय काय करतात, हे त्याला कुणीही समजावून सांगितलं नाही, आणि या न सांगण्याला आम्ही सगळे शहाणपण म्हणत राहिलो. ती फसवणूक होती. तिच्यात मी सामील होते, म्हणूनच हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असं मी समजते.

२००३ च्या मार्चमध्ये, विसाव्या वर्षी, त्याला आवाज ऐकू येऊ लागले. आम्ही तेव्हा दिल्लीत, करोलबागेत राहत होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, पुण्याहून बदली होऊन आलेले. आम्ही दोघं भावंडं पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेली. खालच्या मजल्यावरचे लोक आपल्या जेवणात काहीतरी कालवतात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एका रुग्णालयात त्याला नेलं. पाच मिनिटांत पर्चा हातात आला, त्यावर हॅलोपेरिडॉल, दिवसाला १० मिलिग्रॅम. कात्रीनं कापलेली पट्टी, खाकी पाकीट, पाकिटावर पेनानं लिहिलेलं 'सुबह-शाम'. एवढंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान एका बाजूला पिळवटली आणि बुबुळं वर चढली ती खाली येईनात. तोंड उघडं, जीभ बाहेर, शुद्ध पूर्ण. आईनं देवापुढचा अंगारा लावला. शेजारीण म्हणाली, इसमें कुछ आ गया है. रिक्षात घालून त्याला नेलं, तर तिथल्या कंपाउंडरनं एक नजर टाकली, प्रोमेथाझिनचं इंजेक्शन आणलं, आणि अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. तो म्हणाला, "ये तो दवाई से होता है जी, रोज़ आते हैं ऐसे."

रोज येतात! म्हणजे कंपाउंडरला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, ज्यांनी ते औषध बनवलं त्यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यात, तरुण पुरुषांत, हॅलोपेरिडॉलसारख्या जहाल औषधावर हे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. त्याला डिस्टोनिया म्हणतात. "मान वाकडी झाली, डोळे वर गेले तर घाबरू नका, लगेच या", एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ते वाक्य न मिळाल्यामुळे माझ्या भावाला आपण दोन तास मरतो आहोत असं वाटत होतं, आणि त्याच्या आईला त्याच्या अंगात काहीतरी शिरलं आहे असं.

डिस्टोनिया दिसतो तरी. त्यानंतर जे आलं ते दिसलंही नाही. मान सरळ झाल्यावर आठवड्याभरात त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. बसला की उठायचा, उठला की चालायचा, जेवताना उभा, रात्री दोन वाजता गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला म्हणाला, "ताई, आवाज कमी झालेत, पण पाय मला बसू देत नाहीत. आतून कोणीतरी ढकलतंय." आम्ही हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर न करता निदान केलं: बेचैनी वाढली आहे, आजार उसळतोय. डोस २० मिलिग्रॅम.

ही तगमग आजाराची नव्हती, गोळीची होती. तिला अकॅथिसिया म्हणतात. गोळीनं लागलेली आग विझवायला तीच गोळी दुप्पट ओतली गेली. मानसोपचारातली ही सगळ्यात जुनी, सगळ्यात परिचित चूक आहे, परीक्षेत विचारतात ती. डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉलची स्वस्तातली गोळी जोडणं, असे तिच्यावर उपाय आहेत. आम्हाला यातलं काही मिळालं नाही. एका रात्री तो गच्चीच्या कठड्यापाशी उभा सापडला. त्याला मरायचं नव्हतं. त्याला फक्त आपल्या पायांपासून सुटका हवी होती. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोळ्या थुंकायला सुरुवात केली.

म्हणजे त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तरीही त्यानं गोळ्या सोडल्या. जो त्रास होतो आहे त्याला नाव नाही, तो थांबेल का माहीत नाही, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो हा तुझाच आजार आहे, अशा वेळी कुठला शहाणा माणूस गोळी गिळत राहील? आजारी मेंदूनं त्या दिवशी अगदी निरोगी निर्णय घेतला होता.

मग आम्ही काय केलं? हॅलोपेरिडॉलचे थेंब मिळतात. त्यांना रंग नाही, चव नाही. ते कसे द्यायचे हे मला एका डॉक्टरनंच सुचवलं. सहा वर्षं मी ते त्याच्या वरणात घातले. खालचे लोक जेवणात काही कालवतात, हा ज्याच्या आजाराचा गाभा होता, त्याच्या जेवणात त्याची सख्खी बहीण रोज कालवत होती. त्याचा भ्रम आम्ही खरा करून दाखवला. २०१० साली एका दुपारी त्यानं मला ओट्यापाशी बाटलीसह पकडलं. ओरडला नाही. त्यानंतर अकरा दिवस त्यानं घरातलं काहीही खाल्लं नाही. सालासकट केळी आणि सीलबंद बिस्किटं, बस्स. आजही मी ताट वाढलं की त्याचा हात क्षणभर थांबतो. दिल्ली, नोएडा, गाझियाबादच्या किती घरांत आज दुपारी डाळीत थेंब पडले असतील ते मला मोजता येत नाही. पण बाकावर बसून जे ऐकलं आहे त्यावरून सांगते, ही गोष्ट अपवादात्मक नाही. तुम्ही हे करत असाल, तर तुमच्या मुलाच्या मनात शिल्लक असलेला शेवटचा भरवसा तुम्ही थेंबाथेंबानं संपवत आहात.

आता ही औषधं काय करतात ते सांगते, कारण जे मला २००३ साली कुणी सांगितलं नाही ते मी नंतर स्वतः वाचून काढलं, आणि त्यात न कळण्यासारखं काही नाही.

या कथेची एक मोठी मुळी आमच्याच तेव्हाच्या मोहल्ल्यात आहे. १९३१ साली करोलबागेतल्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हटलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा रक्तदाबावर आणि वेडावर चालते असं लिहिलं. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या रक्तदाबावरच्या गुणाचा अभ्यास इंग्लंडच्या नियतकालिकात छापला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्याच मुळातून रेसर्पिन निघालं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, तर ससे जागच्या जागी थिजले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते द्रव्य टोचलं, तर ते पुन्हा हलू लागले. हे १९५७ सालचं. मेंदूतल्या हालचालीची किल्ली डोपामिनकडे आहे, हे या सशांनी दाखवलं. कार्लसनना पुढे २००० साली नोबेल मिळालं. दरम्यान पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात १९५२ मध्येच डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरून दाखवलं होतं, आणि आजच्या सगळ्या गोळ्यांचा वंश तिथून सुरू होतो.

मला यातून एकच गोष्ट दाखवायची आहे. गुण आणि दोष पहिल्या दिवसापासून एकाच नळातून येत होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. या गोळ्या डोपामिनच्या डी-२ नावाच्या ग्राहींवर जाऊन बसतात आणि त्याला तिथे बसू देत नाहीत. मेंदूच्या ज्या वाटेवर डोपामिनचा पूर आल्यामुळे कुठल्याही आवाजाला, कुठल्याही नजरेला भलता अर्थ येतो, तिथे हा बांध उपयोगी पडतो. पण डोपामिन हालचालीच्या वाटेवरही असतं. तिथे बांध घातला की हात थरथरतो, चेहरा लाकडासारखा होतो, पाय तगमगतात. ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवरून धरणाऱ्या वाटेवरही असतं; तिथे बांध घातला की प्रोलॅक्टिन मोकाट सुटतं. गोळीला पत्ता कळत नाही. ती सगळ्याच घरांची दारं लावते.

आणि किती लावायची याचंही माप आहे. शितिज कपूर हे दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले डॉक्टर. त्यांनी टोरांटोत मेंदूच्या पेट स्कॅनवर हे मोजलं आणि २००० साली छापलं. डी-२ ग्राही ६५ टक्क्यांच्या आसपास व्यापले की गुण येऊ लागतो, ७२ टक्क्यांच्या वर प्रोलॅक्टिन चढतं, ७८ टक्क्यांच्या वर हातपाय आखडू लागतात. या अभ्यासातल्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल सुरू केलं होतं दिवसाला एक किंवा अडीच मिलिग्रॅम. हे छापून आल्यावर तीन वर्षांनी, ते जिथे शिकले त्याच शहरात, माझ्या वीस वर्षांच्या भावाला २० मिलिग्रॅम दिलं गेलं. ७८ च्या पुढे गोळी आणखी गुण देत नाही, फक्त शिक्षा देते. सहा वर्षांत त्याची सही इतकी बारीक झाली की बँकेनं ती नाकारली. जर्मनीत हासे नावाचे डॉक्टर पन्नासच्या दशकात रुग्णाचं अक्षर बारीक होतंय का ते बघून डोस ठरवायचे. म्हणजे अक्षरावर नजर ठेवायला हवी हेसुद्धा जुनं ज्ञान आहे. आमच्याकडे ते बँकेच्या कारकुनाच्या लक्षात आलं.

२०१० नंतर औषध बदललं. ओलान्झापिन. हात मोकळे झाले, चेहरा परत आला, आणि आम्हाला वाटलं सुटलो. तो जेवू लागला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, सहा पोळ्या खातो गं पोरगा. मग आठ. मग रात्री दोन वाजता फ्रिज उघडून भात. चौदा महिन्यांत ६४ किलोंचा ९१ झाला. ओलान्झापिन डोपामिनबरोबर हिस्टामिनचे आणि सेरोटोनिनचे काही ग्राहीही अडवतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. अमेरिकेच्या केटी अभ्यासात, २००५ साली, ओलान्झापिनवर असलेल्यांचं वजन दर महिन्याला सरासरी जवळजवळ एक किलो वाढलं होतं. तिथल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ सालीच मिळून सांगितलं होतं की गोळी सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासा. चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला पुन्हा वजन करा. आपल्या लोकांना साखर लवकर धरते हे तर शेंबडं पोरही सांगेल. ओपीडीच्या कोपऱ्यात वजनकाटा होता. त्याच्यावर फायलींचा गठ्ठा होता. चौदा महिन्यांत तो गठ्ठा एकदाही हलला नाही. साखर निघाली तेव्हा उपाशीपोटी २१८ होती, आणि आम्हाला ऐकवण्यात आलं की याला जरा चालायला सांगा. आठेक वर्षांपूर्वी तो रात्र रात्र चालत होता, तेव्हा त्याला बसायला सांगत होते.

ओलान्झापिनचं पेटंट आपल्याकडे आड आलं नाही, २००५ पर्यंत आपला कायदा औषधाच्या रेणूला पेटंट देतच नव्हता. म्हणून भगीरथ पॅलेसच्या घाऊक बाजारात ते स्वस्तात मिळालं आणि गरिबाच्या घरात पोचलं. ही चांगली गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. पण रेणू आला आणि त्याच्यासोबतचा इशारा सीमेवरच राहिला. अमेरिकेत मूळ कंपनी एली लिली हिनं जानेवारी २००९ मध्ये या औषधाच्या बेकायदा प्रचाराबद्दल १४१ कोटी ५० लाख डॉलर भरले. म्हाताऱ्या, विस्मरण झालेल्या माणसांसाठी ते खपवलं जात होतं, आणि अशा म्हाताऱ्यांत या गटातली औषधं मृत्यूचा धोका दीडपटीहून जास्त वाढवतात असा चौकटीतला इशारा २००५ पासून औषधाच्या माहितीपत्रकात होता. तिकडे निदान दंड झाला. इकडे गुडगावच्या सोसायट्यांमध्ये आजोबा रात्री ओरडतात म्हणून अर्धी गोळी दिली जाते आणि आजोबा न्यूमोनियानं गेले की वय झालं होतं असं म्हणतात.

प्रोलॅक्टिनबद्दल लिहायला मला लाज वाटावी अशी लोकांची अपेक्षा असते. मला वाटत नाही. बाकावर एकदा एक आई रडत होती. मुलगी अविवाहित. रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर पाळी बंद झाली, आणि मग छातीतून दूध येऊ लागलं. घरानं काय अर्थ काढला असेल? त्या मुलीला वेडाबरोबर बदफैलीपणाचाही आरोप सोसावा लागला. काकानं हात उचलला. रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन चढवण्यात अव्वल आहे, रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं, आणि ॲरिपिप्राझोलसारखं औषध ते उतरवू शकतं. डॉक्टरांना हे सांगायला संकोच वाटला. त्यांच्या संकोचाची किंमत त्या मुलीनं गालावर मोजली. पुरुषांचंही तेच. लग्न झालेला तरुण खोलीत नामोहरम होतो, कारण विचारायला जीभ उचलत नाही, आणि एक दिवस गुपचूप गोळ्या कचऱ्यात टाकतो. मग फायलीत शेरा पडतो: रुग्ण सहकार्य करत नाही.

आणि ती जोडगोळी! रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत. हात थरथरू नयेत म्हणून दुसरं औषध आधीच मिसळून ठेवलेलं, थरथर असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० मध्येच म्हटलं होतं की असं सरसकट आगाऊ देऊ नका. त्यानं तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, स्मरण मंदावतं, शौचाला होत नाही. आणि घाम येत नाही. दिल्लीत घाम न येणं म्हणजे काय, याचा विचार करा. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. मेंदूतला तापमानाचा काटा एका औषधानं बिघडवलेला, घामाची वाट दुसऱ्यानं बंद केलेली, आणि माणूस वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेनंतर मृतांच्या नोंदी तपासल्या तेव्हा स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट निघाला. आमच्याकडे उन्हाळ्यात पर्च्यावर 'खूब पानी पिएं' एवढंही कुणी लिहिलं नाही. लू लागली तर लोक म्हणणार, वेडा होता, उन्हात फिरत असेल.

आज माझा भाऊ क्लोझापिनवर आहे, आणि बरा आहे. हे मोठ्यानं सांगायला हवं, कारण हा लेख वाचून कुणी गोळ्या फेकू नयेत. क्लोझापिननं मला माझा भाऊ परत दिला. दुसरी औषधं हरतात तिथे ते चालतं. १९७५ साली फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी कोसळून माणसं गेली म्हणून ते मागे घेतलं गेलं, आणि १९८८ च्या चाचणीनंतर रक्ततपासणीच्या अटीवर परत आणलं गेलं. ती तपासणी आम्ही करतो. पण त्या रक्ताच्या भीतीत बाकीचं सांगायचं राहून जातं. क्लोझापिन आतडी इतकी मंद करतं की मलावरोधानं माणूस दगावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०२० मध्ये त्याबद्दल इशारा कडक करावा लागला. आमच्याकडे "पेट साफ होता है?" हा प्रश्न कुणी विचारला नाही.

विडीचंही असंच. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत तंबाखूच्या विक्रीवर बंदी आली. भावाच्या दिवसाला वीस विड्या बंद झाल्या. आम्ही खूश. दहाव्या दिवशी त्याला उठवताना उठेना, उशी लाळेनं भिजलेली, बोलणं जड. विडीच्या धुरातले घटक यकृतातल्या एका विकराला जोरात कामाला लावतात, तो विकर क्लोझापिन आणि ओलान्झापिन जाळतो. धूर थांबला की तीच गोळी रक्तात कितीतरी जास्त साठते. त्या महिन्यात दिल्लीत किती जण असे आपल्याच नेहमीच्या डोसनं गुंगले असतील? फोनवर एका तरुण डॉक्टरणीनं पहिलाच प्रश्न विचारला, विडी सोडली का? डोस उतरवला, चार दिवसांत तो उठून बसला. ज्ञान इतकं साधं असतं. फक्त कुणीतरी ते स्वतःच्या खिशातून काढून आपल्या हातात ठेवायला हवं.

कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम २२ रुग्णाला माहितीचा हक्क देतं. उपचार कोणता, त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, आणि हे सगळं त्याला समजेल अशा भाषेत आणि रूपात. 'ज्ञात दुष्परिणाम' हे शब्द कायद्यात आहेत. म्हणजे "सांगितलं तर सोडेल" हे वाक्य त्या दिवसापासून कायद्याच्या विरुद्ध आहे. ज्या शहरातल्या संसदेनं तो मंजूर केला त्याच शहरात मी त्यानंतर अनेक दवाखान्यांची दारं झिजवली. समजेल अशा भाषेतला एक कागद मला एकदाही मिळाला नाही. शाहदऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयाची दशा बघून सर्वोच्च न्यायालयाला १९८९ मध्ये आदेश द्यावा लागला, आणि त्यातून १९९३ साली इहबास संस्था उभी राहिली. भिंती बदलायला न्यायालय लागलं. तोंड उघडायलाही न्यायालयच लागणार आहे का?

डॉक्टर म्हणतात, वेळ नाही. मला माहीत आहे. देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि एका सकाळी शंभर पर्चे संपवणाऱ्या माणसाचा थकवा मी समोर बसून पाहिला आहे. पण अर्ध्या पानाचा छापील कागद द्यायला वेळ लागत नाही. हिंदीत छापा, पंजाबीत छापा, उर्दूत छापा. मराठीत आम्ही स्वतः करून देऊ. त्यात पाच गोष्टी आल्या तरी पुरे: मान आखडली तर, पाय तगमगले तर, वजन वाढलं तर, पाळी थांबली तर, ताप येऊन अंग लाकूड झालं तर. हा शेवटचा त्रास जिवावर बेततो, त्यात एक तासही घालवायचा नसतो. कागद नाही तो वेळ नाही म्हणून नव्हे. समोरचा माणूस वेडा आहे, त्याला काय कळतं, हे मनात ठाम आहे म्हणून.

दुसऱ्या टोळीलाही मी सोडणार नाही. ही नशेची गोळी आहे, योग करा, मेहंदीपूर बालाजीला नेऊन साखळीत बसवा, असं लिफ्टमध्ये सांगणारे माझ्या भावाच्या जिवावर उठलेले आहेत. २०१२ साली लॅन्सेटमध्ये ६५ चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर वर्षभरात गोळी घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार उलटला आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. फिनलंडच्या अकरा वर्षांच्या नोंदींत औषध न घेणारे जास्त मेले, क्लोझापिन घेणारे सगळ्यात कमी. माझा भाऊ गोळीशिवाय काय होतो ते मी तीनदा पाहिलं आहे, चौथ्यांदा पाहायचं नाही. आणि एकाएकी सोडणं हे सगळ्यात वाईट. उतरवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत, महिन्यांच्या हिशेबानं. पण या टोळीला खतपाणी कोण घालतं? ज्याला गोळीनं मान वाकडी होते हे आधी सांगितलं असतं तो बालाजीला गेला नसता. तुमच्या मौनात बाबांचे मठ उभे राहतात.

मराठी घरांना निदान आजाराचं नाव तरी उच्चारता येतं. कॅल्गरीत राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, २००४ साली 'देवराई' हा चित्रपट आला, आणि माझ्या आईनं तो बघून पहिल्यांदा बहिणीला फोनवर खरं सांगितलं. आजार बोलून झाला. गोळी अजून बोलायची आहे.

आणि बोलायला जागाही आहे, आम्ही आता राहतो तिथून चार किलोमीटरवर. २०१० मध्ये सुरू झालेल्या औषधसतर्कता कार्यक्रमाचं राष्ट्रीय केंद्र २०११ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथे रुग्ण स्वतः किंवा त्याचे घरचे दुष्परिणाम कळवू शकतात. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन लागतो, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतसुद्धा आहे. सरकारकडे मराठी अर्ज आहे! ओपीडीच्या बाकावर मी विचारत असते, आजवर एकालाही तो माहीत नव्हता. भिंतीवर डेंग्यूचं पोस्टर असतं, हे नसतं.

गेल्या वर्षी क्लोझापिनला ॲरिपिप्राझोल जोडायचं ठरलं. तीच तरुण डॉक्टरीण. भाऊ खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "इससे पैर में वो होगा क्या?" मी श्वास रोखला. तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, हो सकता है. होण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत होतं, झालं तर सोडू नका, मला फोन करा, आपण कमी करू. तिनं नंबर त्याच्या हातात दिला, माझ्या नाही.

सहाव्या दिवशी पाय तगमगले. फोन त्यानंच केला. मी स्वयंपाकघरात होते, मला जेवायला बसल्यावर कळलं: डोस अर्धा झाला आहे, आणि प्रोप्रॅनोलॉल आणायचं आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, तो स्वतः जाऊन आणणार आहे.